फोनला हात न लावता रेकॉर्डिंग

बंगळूरुच्या के. आर. पुरमला लागूनच दूरवाणीनगर आहे. 'इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज'चा कारखाना तिथे १९४८ साली सुरू झाला. तेव्हा फोन चोरून ऐकायचा तर तारेपर्यंत पोचावं लागे.

आज ऑफिसचा फोन इंटरनेटवर चालतो. जी.७११ पद्धतीत सहसा आवाजाची सेकंदाला ५० पॅकेट जातात. स्विचवर फोनच्या पोर्टची नक्कल दुसऱ्या पोर्टवर घ्या, वायरशार्कने पॅकेट पकडा, की संभाषण सरळ ऐकू येतं. कॉल सेंटरमधले कित्येक रेकॉर्डर असेच चालतात.

पण रेकॉर्डरला जे जमतं, ते त्या स्विचपर्यंत पोचलेल्या कुणालाही जमतं. ग्राहकाने बटणं दाबून दिलेला पिनसुद्धा त्यात सापडू शकतो!

उपाय म्हणजे २००४ सालचं एसआरटीपी. पॅकेट हाती लागली तरी किल्लीशिवाय आवाज उलगडत नाही. मग रेकॉर्डिंग करायचं ते एक्स्चेंजवर, जिथे किल्ली आहे तिथे.

फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलंय. म्हणून आधी समोरच्याला सांगा, मग रेकॉर्ड करा. आणि उद्या ऑफिसात एवढं विचारा: आपल्याकडे एसआरटीपी चालू आहे ना?