बालेवाडीचे हार्ड कोर्ट

आपल्या यवतमाळच्या काळ्या जमिनीवर टेनिसचे कोर्ट करायचे म्हटले, तर पहिली गाठ त्या जमिनीशीच पडते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती मानवते, चेंडूला नव्हे. म्हणून काळी माती काढून टाकायची, मुरूम आणि गिट्टी दाबून बसवायची, वर डांबर किंवा काँक्रीट आणि त्यावर ॲक्रिलिक रंगाचे थर. हे झाले हार्ड कोर्ट. इथे चेंडू सगळीकडे सारखाच उसळतो. हरणाऱ्याला जमिनीवर खापर फोडता येत नाही!

असल्याच कोर्टावर पुण्याला बालेवाडीस 2018 ते 2023 या काळात महाराष्ट्र ओपन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरत असे. 2021 साल तेवढे साथीत गेले. त्याआधी 2017 पर्यंत ती चेन्नईस होती. पुण्याचा पहिला विजेता फ्रान्सचा जिल सिमाँ. पुढे वेसेली, सूझा, ग्रीक्सपूर आले. ही नावे मी भरभर घेतो, कारण सांगायचे आहे ते 2019 च्या अंतिम सामन्याविषयी. एका बाजूस दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन, दुसऱ्या बाजूस क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच. दोघेही साडेसहा फुटांहून उंच, आणि कार्लोविचचे वय 39! सर्व्हिस कशी, तर ताडाच्या शेंड्यावरून दगड यावा तशी. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. शेवटचा 7-5 असा सुटला, तेव्हा कुठे अँडरसन जिंकला.

बरे, आपल्या मंडळींचे काय? दुहेरीत 2019 ला रोहन बोपण्णा व दिविज शरण, 2022 ला बोपण्णा व रामकुमार रामनाथन विजयी झाले. एकेरीत मात्र चेन्नईची वर्षे धरूनही भारतीय विजेता एकही नाही. सोमदेव देववर्मन 2009 ला चेन्नईत अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि मरिन चिलिचकडून हरला.

तरी घरची स्पर्धा ती घरची. यजमानांच्या हाती थोड्या जागा असतात, त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. पुण्याच्याच अर्जुन कढेला त्यातून मुख्य फेरीत खेळता आले. परदेशी पात्रता फेऱ्या खेळायच्या, तर विमानभाड्यानेच कंबर मोडते.

2024 च्या वेळापत्रकात पुण्याऐवजी हाँगकाँग आले. बालेवाडीत त्या वर्षी चॅलेंजर, म्हणजे एक पायरी खालची, स्पर्धा झाली. तिथे आपल्या पोरांना खेळायला मिळते, हे मी कमी मानत नाही. पण यवतमाळच्या एखाद्या मुलाने रात्रीची बस धरून पुणे गाठावे आणि अँडरसनची सर्व्हिस कशी येते ते डोळ्यांनी पाहावे, ती सोय मात्र गेली.