उसाच्या पाल्याचा ओरखडा



करकंबच्या शिवारात ऊसतोड सुरू झाली, की फडात शिरणाऱ्याचे हात पाल्यानं कापतातच. पानाच्या कडेला बारीक दाते असतात ना! हाताच्या आतल्या, न रापलेल्या अंगावर असा ओरखडा उठला, की दोन-चार मिनिटं त्याच्याकडं नीट बघा. आधी लाल रेघ. मग रेघेच्या दोन्ही अंगांना बोटभर लाली पसरते, आणि शेवटी रेघच फुगून वर येते. या तिन्ही पायऱ्यांचा बारकाईनं अभ्यास लंडनच्या डॉ. थॉमस लुईस यांनी केला. त्यांचं पुस्तक १९२७ साली निघालं.

आता, जिथं पाला लागलाच नाही, तिथली कातडी लाल का व्हावी?

संवेदना नेणारा मज्जातंतू कातडीत पोचता पोचता फुटत जातो. उजनीच्या कालव्याला फाटे आणि फाट्यांना चाऱ्या, अगदी तसा. पण चारीतलं पाणी मागं चढून शेजारच्या चारीत शिरत नाही. मज्जातंतूत मात्र नेमकं तेच घडतं. एका टोकाला ओरखडा बसला, की संदेश वर मेंदूकडं जातोच. शिवाय वाटेत जिथं फाटा फुटलाय, तिथून तो शेजारच्या फाट्यात वळून उलटा कातडीकडं येतो. त्या टोकाशी काही रसायनं सुटतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कातडी लाल, गरम होते. मेंदूला कुणी विचारतसुद्धा नाही. मज्जातंतू वर नुकताच तुटला असला तरी लाली उठते. काही दिवसांनी खालचे फाटे मेले, की मग उठत नाही.

कुष्ठरोगाचे जंतू याच फाट्यांच्या मुळावर उठतात. या रोगात कातडीवर उठणाऱ्या चट्ट्यावर हिस्टामिन या रसायनाचा थेंब ठेवून सुईनं टोचलं, तर गांध येते, भोवतीची लाली मात्र येत नाही. चाचणी सुरेख, पण गोऱ्या कातडीला सोयीची. आपल्या रापलेल्या हातावर लाली धड दिसत नाही. म्हणून आपल्याकडं कापूस किंवा पेनाचं टोक बरं. डॉक्टर डोळे मिटायला सांगतात, चट्ट्याला हलकेच स्पर्श करतात आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगतात.

हा चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणूनच तर माणूस तो अंगावर काढतो. जंतू औषधानं मरतात. गेलेली संवेदना सगळ्यांचीच परत येत नाही. औषध सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. पाच चट्ट्यांपर्यंत साधारण सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा.