मासिकाचे पान आणि लिलावाची बोली

महिना सरला की मासिकाचा अंक रद्दीच्या वाटेला लागतो. फॅशनचे छायाचित्रही मुळात त्याच वाटेचे. गिऱ्हाइकाला झग्याचा मोह पडावा म्हणून ते काढायचे. झगा जुना झाला की त्याचे काम संपले. मग असे एखादे चित्र पुढे लाखोंच्या मोलाला का जाते? एकच उदाहरण घेऊन पाहू या.

ऑगस्ट १९५५. पॅरिसमधली एक जुनी सर्कस. अमेरिकेच्या ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी रिचर्ड ॲव्हेडन छायाचित्र घेत आहेत. डोव्हिमा नावाची मॉडेल दिओरच्या पेढीचा काळा झगा घालून उभी आहे. कमरेचा पांढरा पट्टा जमिनीपर्यंत उतरलेला. आणि भोवती हत्ती! त्यांची सुरकुतलेली कातडी, हिचे तुळतुळीत रेशीम. त्यांचे अवजड पाय, हिची नाजूक बोटे. पण जरा खाली पहा. हत्तींच्या पायांत साखळदंड आहेत. नजर तिथे गेली, की चित्र नुसती झग्याची जाहिरात राहत नाही. इथे मोकळे कोण आणि बांधलेले कोण, असा विचार मनात येतोच. कलेचा भाग तो हाच.

आता बाजाराचे पाहू. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघतात. म्हणून संग्राहक मोल देतो ते नेमक्या त्या प्रतीला. ती कोणी, केव्हा, केवढी छापली, सही आहे का, आजवर कोणाकडे होती, हे सारे तो तपासतो. या चित्राची दोन मीटरहून उंच अशी एक प्रत १९७८ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी काढली होती. नोव्हेंबर २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात ती ८ लाख ४१ हजार युरोंना गेली. त्या वेळच्या भावाने सुमारे पाच कोटी रुपये! घेणारे कोण? खुद्द दिओरची पेढी. कधी काळी झगा खपावा म्हणून काढलेले चित्र पेढीने घरचा ठेवा म्हणून परत घेतले.

आणि डोव्हिमा? आपल्या तीन नावांची पहिली दोन दोन अक्षरे जोडून तिने हे नाव घेतले होते. तासाला ६० डॉलर मिळवणारी ती त्या काळची सर्वांत महाग मॉडेल. पण मॉडेलचे वय झग्यासारखेच लवकर सरते. उतारवयात ती फ्लोरिडातल्या एका पिझ्झाच्या खानावळीत येणाऱ्या-जाणाऱ्यांचे स्वागत करी. १९९० साली ती वारली. लिलाव झाला तो त्यानंतर वीस वर्षांनी.

यात कोणी तिला फसवले, असे मी म्हणत नाही. तिने कामाचे पैसे घेतले होते आणि छायाचित्र छायाचित्रकाराचे होते. व्यवहार चोख झाला. पण त्या चित्रातून तिचा हात काढून पहा बरे, काय उरते? बोली लागते ती कागदाच्या प्रतीवर. त्या हाताचा हिशेब मात्र ज्या दिवशी काम संपले, त्याच दिवशी मिटलेला असतो. म्हणून असे चित्र पाहाल तेव्हा खालचा आकडा वाचण्याआधी तो हात क्षणभर पहा, एवढेच सांगायचे आहे.