राहिलेल्या कामाची खूण



आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींच्या या शास्त्रात जीडब्ल्यूपाय, पायसीबीसी असे संगणकाचे प्रोग्राम वापरतात. पायथन भाषेतील हे प्रोग्राम कोणालाही उघडून वाचता येतात. आपल्या मुलामुलींनाही!

प्रोग्राममध्ये यंत्रासाठी आज्ञा असतात, तशीच माणसांसाठी टिपणे असतात. पायथनमध्ये विशिष्ट चिन्हापुढचे टिपण यंत्र सोडून देते. जुन्या अरबी-फारसी ग्रंथांतील हाशियासारखेच हे समजा. काम अर्धे राहिले, तर प्रोग्राम लिहिणारा तिथेच 'टूडू', म्हणजे 'करायचे आहे', अशी खूण लिहितो. चूक दिसली पण सुधारता आली नाही, तर 'फिक्समी'. पुष्कळदा शेजारी स्वतःचे नावही घालतो. यात त्याला कमीपणा वाटत नाही.

पण हजारो ओळींत विखुरलेली टिपणे वेचायची कशी? १९७३ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी 'ग्रेप' नावाचे साधन केले. त्याला शब्द सांगावा, म्हणजे तो ज्या ज्या ओळीत आहे त्या ओळी ते काढून देते; सांगितल्यास ओळीचा क्रमांकही देते. मात्र तोच शब्द पडद्यावर दाखवायच्या मजकुरात असला, तर तीही ओळ येते. म्हणून पायथनमधील 'टोकनाइझ' हा भाग वापरतात. तो खरे टिपण आणि अवतरणातील मजकूर वेगळा ओळखतो. अशी यादी हाती आली, की राहिलेले काम समोर दिसते.

यादी न काढल्यास काय होते, ते माझ्याच अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलीच्या नावापुढे मी डायरीत लिहिले, 'आठ दिवस गैरहजर. घरी जाऊन यायचे.' टिपण खरे होते. पण ते पान मी पुन्हा उलटले नाही. दिवाळीनंतर पाहिले, तोवर वडील तिचा दाखला घेऊन गेले होते.

विद्यार्थी मित्रहो, जे गणित समजले नाही त्यापुढे समासात 'राहिले' असे लिहा आणि तारीख घाला. आठवड्यातून एकदा सगळी 'राहिले' एका पानावर उतरवून शिक्षकांकडे या. पालकहो, त्या खुणा पाहून रागावू नका. रागावलात, तर मूल खूण करणेच सोडील आणि न समजलेले तसेच राहील. 'या आठवड्यात यातले किती सुटले?' एवढेच विचारा.

मीही आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर डायरी पहिल्या पानापासून उलटतो. राहिलेल्या नावांची यादी करतो आणि त्या घरी जाऊन येतो.