भिंत बोलते तेव्हा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



औंढ्याच्या आपल्या विहाराची रस्त्याकडील भिंत यंदा कशी रंगवावी, यावरून तरुण मंडळींत वाद चालू आहे. त्यावर दोन शब्द बोलावेत, अशी मंडळाने आज्ञा केली. आम्ही चित्रकार नाही. बँकेत कारकुनी करतो. परंतु आयुष्यभर अंगठा उठवणारा हात पहिल्यांदा सही करतो, तेव्हा माणूस कसा ताठ उभा राहतो, हे आम्ही काउंटरवरून पाहिले आहे. भिंतीवरच्या अक्षरांचेही तसेच आहे.

ज्यांच्या हाती छापखाना नव्हता, त्यांनी भिंतीलाच वर्तमानपत्र केले. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि झेप घेणारा पँथर वस्त्यांतून दिसू लागला. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला; त्याची अंमलबजावणी, तीही नामविस्ताराच्या रूपाने, 14 जानेवारी 1994 रोजी झाली. त्या सोळा वर्षांत माणसे मेली, घरे जळली. नामांतराची मागणी गावोगावच्या भिंतींनीही जागती ठेवली.

परंतु भिंत जशी ओळख देते, तशी सीमाही आखते. वरळीच्या बीडीडी चाळींत एका बाजूला निळा झेंडा आणि पँथर, तर दुसऱ्या बाजूला भगवा आणि वाघ. गिरणीचा भोंगा एकच, पाण्याची टंचाई एकच. तरी जानेवारी 1974 मध्ये तेथे दंगल पेटली. 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. 2025 साली त्या चाळींतील पहिल्या रहिवाशांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जुन्या भिंती पडतील. मनातल्या भिंतींचे काय, हा प्रश्न उरतोच.

दूरच्या बेलफास्ट शहरातही कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांनी आपापली चित्रे अशीच रंगवली. एका बाजूला उपोषणात मेलेला बॉबी सँड्स, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा राजा विल्यम. 1969 पासून मध्ये उंच भिंती उभ्या राहिल्या. 1998 मध्ये करार झाला, तरी त्यांपैकी अनेक अजून उभ्या आहेत. मात्र 2006 पासून काही ठिकाणी बंदूकधाऱ्यांची चित्रे पुसून, रहिवाशांना विचारून, नवी चित्रे काढली गेली.

दूरचे कशाला? आमच्या तरुणपणी कोणीतरी आमच्या आळीतील 'जयभीम'वर डांबर फासले. वडीलधाऱ्यांनी पहाटे उठून ती अक्षरे पुन्हा निळी केली. ते योग्यच होते. पण आम्ही रागाच्या भरात शेजारी आणखी एक ओळ लिहिली, समोरच्या आळीला झोंबेल अशी. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही आळींतील पोरांचे एकत्र खेळणे बंद झाले. ती ओळ पावसाने दोन वर्षांत धुतली. पोरे एकत्र यायला त्याहून अधिक काळ लागला. अक्षरे लिहिणारे हात आमचेच होते, हे आज कबूल केले पाहिजे.

आपल्या उशाशी कार्ल्याचे लेणे आहे. तेथील दगडांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत : धेनुकाकटचा अत्तरविक्या, सुतार, भिक्षुणी, यवनसुद्धा. दोन हजार वर्षे ती नावे टिकली. 'मी दिले' एवढेच ती सांगतात. 'तू कमी' असे त्यांतले एकही म्हणत नाही.

म्हणून आमची सूचना अशी : भिंतीवर बुद्ध, फुले, बाबासाहेब अभिमानाने असावेत. कोणी पुसले तर आपण पुन्हा रंगवावे. तेथे माघार नको. पण शेजाऱ्याला टोचणारी एकही ओळ नको. खाली संविधानाची उद्देशिका मोठ्या अक्षरांत लिहावी आणि रंगकामाला समोरच्या आळीतील मुलांनाही बोलवावे. येतील न येतील, बोलावणे आपले.