मोतीचे चित्र



इ. स. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला टर्की पक्षी पाहून जहांगीर बादशहाने त्याचे वर्णन लिहिले. तेवढ्याने समाधान न होता त्याचे चित्रही काढवून घेतले. बादशहाला अपूर्वाई जपायची होती, आम्हांला सहवास.

आमचा मोती तेरा वर्षे आमच्याबरोबर तीन बदल्यांची गावे हिंडला. गतवर्षी तो गेला, तेव्हा त्याचे तैलचित्र करून घ्यावे असे घरी ठरले. मोबाईलमध्ये छायाचित्रे शेकडो होती, परंतु चित्रकार म्हणाले, "ही सारी वरून घेतलेली. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, खिडकीच्या उजेडात टिपलेले एखादे द्या." तसे एकच निघाले. कन्येने जमिनीवर पालथे पडून घेतलेले. इतकी वर्षे आपण त्याच्याकडे वरूनच पाहिले, ही जाणीव मनाला बोचली.

मोतीचा डावा कान फाटलेला होता. "चित्रात तो नीट करू का?" या प्रश्नावर आमची सौ. म्हणाली, "नको. मुलीवर धावून आलेल्या कुत्र्याशी झुंजताना तो फाटला. तो नीट केलात, तर हा आमचा मोती राहणार नाही."

चित्रकाराने कान तसाच रंगविला. पुढील बदलीच्या वेळी सामानात प्रथम ते चित्र बांधले जाईल.

मित्रहो, आपल्या घरी असा मुका सोबती असेल, तर आजच क्षणभर त्याच्याजवळ जमिनीवर बसावे, एवढीच विनंती.