एका अक्षराची चूक

(चामटोली येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शरीराची घडण आणि आजार यांच्या मुळाशी असलेले रेणूंचे विज्ञान हा आजचा विषय. तो ऐकून काहींच्या मनात येईल की, हे तर डॉक्टरांचे काम; बी.ए., बी.एड. झालेल्या भाषेच्या मास्तराने यात का पडावे? माझे उत्तर असे की, हा विषय मुळात लिपीचा आहे, आणि अक्षरे, शब्द, विरामचिन्हे यांच्याशी तर आमची रोजची गाठ असते.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचा धाग्यासारखा रेणू असतो. त्यावर फक्त चार अक्षरांच्या लिपीत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला आहे. त्यातील एकेक परिच्छेद म्हणजे एकेक जनुक. या लिपीत प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा असतो. असे एकूण ६४ शब्द होतात. त्यांपैकी ६१ शब्द ‘अमुक मणी ओवा’ असे सांगतात आणि उरलेले ३ शब्द म्हणजे पूर्णविराम. मणी ओवून जी माळ तयार होते तिला प्रथिन म्हणतात. आपले रक्त, स्नायू, डोळ्यांचे भिंग, सारे काही या माळांच्या आधारावर उभे आहे.

आता रक्ताचे उदाहरण घेऊ. रक्ताला लाल रंग देणारे आणि प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन चार माळांचे बनते. दोन ‘अल्फा’ आणि दोन ‘बीटा’. बीटा माळेत १४६ मणी असतात. आपल्या देशात आढळणाऱ्या एका बिघाडात या माळेच्या १५व्या शब्दातील एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे जिथे मणी ओवायचा तिथे पूर्णविराम येतो. १४ मणी झाले की काम थांबते. वाक्य अर्ध्यावर तुटावे तशी माळ तुटते आणि ती निरुपयोगी ठरते. दुसऱ्या एका बिघाडात या जनुकाची ६१९ अक्षरे सलग गळालेली असतात. हा प्रकार विशेषतः सिंधी कुटुंबांत आढळतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेले उल्हासनगर आपल्या शेजारीच आहे. पण हा आजार एकट्या सिंधी समाजाचा नाही. पंजाबी, गुजराती लोहाणा, बंगाली, काही मुस्लिम जमाती, सर्वांत तो आहे. अक्षरे जात-धर्म पाहून चुकत नाहीत.

या आजाराचे नाव थॅलेसेमिया. त्याचे मोठे रूप ज्या मुलाला होते, त्याच्या अंगात पुरेसे रक्त तयार होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी त्याला दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते. त्या रक्तातून येणारे लोह हृदयात आणि यकृतात साठते, म्हणून ते बाहेर काढण्याची औषधेही कायम घ्यावी लागतात. ज्या घरात असे मूल आहे, त्या घराचे कॅलेंडर सणांवर चालत नाही, रक्ताच्या बाटलीवर चालते.

पालकहो, येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे मूल जन्मते तेव्हा अगदी निरोगी दिसते. पाच-सहा महिन्यांनंतर ते फिकट पडू लागते, दूध पीत नाही, पोट फुगते. मग आपल्याकडे काय होते, हे तुम्हांला ठाऊक आहे. कुणी म्हणते नजर लागली. कुणी म्हणते सुनेचे दूधच वाईट. कुणी तर म्हणते तिचा पायगुणच तसा.

खरे कारण गर्भाच्या वाढीत आहे. आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते. त्यात बीटा माळ नसते, तिच्या जागी ‘गॅमा’ नावाची माळ असते. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर गॅमाचे काम बंद करत जाते आणि बीटाचे वाढवते. ज्या मुलाचे बीटा जनुक बिघडलेले आहे त्याचा तोवर गॅमावर निभाव लागतो. गॅमा बंद होत गेली की आजार उघडा पडतो. यात नजरेचा संबंध नाही आणि आईच्या दुधाचाही नाही.

आईचा एकटीचा दोष तर मुळीच नाही. प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडलेली व दुसरी चांगली असेल तर तो माणूस ‘वाहक’ होतो. वाहक आजारी नसतो. तो शेतात राबतो, कारखान्यात पाळी करतो, परीक्षेत पहिला येतो. फार तर त्याचे रक्त किंचित कमी भरते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच, प्रत्येक गरोदरपणात मुलाला मोठा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे बिघडलेली एक प्रत आईने दिली, तशी एक वडिलांनीही दिलेली असते. ज्या घरात सुनेला बोल लावले जातात, त्या घराच्या मुलानेही अर्धा वाटा उचललेला असतो. हे सासूबाईंनी ऐकावे म्हणूनच मी आज भगिनींना आवर्जून बोलावले आहे.

भारतात शंभरांमागे सरासरी तीन ते चार माणसे बीटा थॅलेसेमियाची वाहक आहेत. या मांडवात तीनशे माणसे बसली असतील, तर त्या हिशेबाने त्यांत दहाएक वाहक असू शकतील, आणि त्यांना स्वतःलाही त्याची कल्पना नसेल.

आता थोडे नाजूक बोलतो. आपल्या समाजात चुलत, मामे, आते किंवा मावस नात्यात निकाह होतात. त्याची धर्मात परवानगी आहे, पण सक्ती नाही. अशा दोघांचे एक आजी-आजोबा सामाईक असतात, म्हणून त्यांच्या वारशाचा सरासरी आठवा हिस्सा सारखा असतो. घराण्यात एखादी बिघडलेली प्रत फिरत असेल, तर ती दोघांच्याही अंगी असण्याची शक्यता वाढते. मी कोणाचे नाते मोडायला आलेलो नाही. रिश्ता पक्का करण्यापूर्वी जशी आपण मुलाची नोकरी, मुलीचे शिक्षण, घरची चालरीत विचारतो, तशीच रक्ताची एक तपासणी विचारावी, एवढेच माझे म्हणणे आहे. ही तपासणी नात्यातल्या रिश्त्यासाठी आवश्यक आहे आणि नात्याबाहेरच्या रिश्त्यासाठीही.

ती तपासणी सोपी आहे. आधी रक्तपेशींची साधी मोजणी होते. मग ‘हिमोग्लोबिन ए-टू’ या प्रकाराचे प्रमाण पाहतात. ते साडेतीन टक्क्यांहून अधिक भरले तर माणूस बहुधा वाहक असतो, असे डॉक्टर मानतात. आयुष्यात ती एकदाच करायची असते. बारावीच्या किंवा कॉलेजच्या वयात, रिश्त्याची बोलणी सुरू होण्यापूर्वी ती केली तर कोणाच्या मनावर दडपण येत नाही. दोघांपैकी एकच वाहक असेल तर मुलाला मोठा आजार होण्याची भीती सहसा नसते, तेव्हा त्या कारणाने ठरलेला निकाह मोडणे हा अडाणीपणा होईल. दोघेही वाहक निघाले तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भाची तपासणी सुरुवातीच्या आठवड्यांत करता येते. पुढचा निर्णय त्या पती-पत्नीचा. त्यांना हवे तर त्यांनी आलिमांनाही विचारावे. इराणमध्ये १९९७ पासून आणि सौदी अरेबियात २००४ पासून निकाहापूर्वी ही तपासणी सक्तीची आहे. मुस्लिम देशांनी जे स्वीकारले ते आपण स्वखुशीने करायला हरकत कोणती? आपल्या जवळ, परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची एक संस्था रक्ताच्या अशाच आनुवंशिक आजारांवर संशोधन करते. बदलापूरहून लोकलने तेथे जाता येते.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमच्याशी बोलतो. चुकीच्या जागी पडलेला हा पूर्णविराम माणसाला कळला कसा? आपल्या सभांतून इब्न सीना आणि इब्न नफीस यांची नावे अभिमानाने घेतली जातात, ती घ्यावीतही. पण त्यांच्यावर थांबू नका. आपल्या काळातील एक नाव सांगतो: ओबेद सिद्दीकी.

त्यांचा जन्म १९३२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते शिकले आणि ग्लासगो विद्यापीठात गिडो पॉन्टेकोर्व्हो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली. नंतर अमेरिकेत ॲलन गॅरन यांच्याबरोबर ते आतड्यात राहणाऱ्या एका जीवाणूचा अभ्यास करू लागले. त्या जीवाणूच्या काही वाणांत एक प्रथिन तयारच होत नव्हते, आणि दुसऱ्याच एखाद्या जनुकात बदल झाला की ते पुन्हा तयार होऊ लागे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामामुळे जनुकाच्या लिपीतील पूर्णविराम ओळखण्याची वाट मोकळी झाली. थॅलेसेमियाचा कोणताही रोगी त्यांच्यासमोर नव्हता. एका क्षुद्र जीवाणूत माळ का तुटते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आज एखाद्या बाळाच्या रक्तात १५व्या शब्दापाशी पूर्णविराम सापडतो, तेव्हा तो ओळखण्याची विद्या अशा प्रश्नांतूनच आलेली असते.

त्याच १९६२ साली होमी भाभांच्या निमंत्रणावरून ते मुंबईला आले आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे त्यांनी फळमाशी हाताशी घेतली. पिकलेल्या केळ्यावर घोंघावते तीच ही माशी. सीमूर बेंझर यांच्याबरोबर त्यांना अशा माश्या सापडल्या, ज्या उष्णता वाढताच लुळ्या पडत आणि थंडावा मिळताच पुन्हा चालू लागत. मज्जातंतूंतून संदेश कसा वाहतो, हे समजण्यास त्या माश्यांची मदत झाली. माशीला वास आणि चव कशी कळते, याचा अभ्यास त्यांनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज या विद्यार्थिनीबरोबर केला. ही गोव्याच्या कुटुंबातील मुलगी केनियात जन्मलेली. मुंबईत येऊन तिने पीएच.डी. केली आणि पुढे ती स्वतः नामवंत शास्त्रज्ञ झाली. मुलींनो, हे नाव वहीत लिहून ठेवा. सिद्दीकींनी नंतर बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले. २००६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१३ साली त्यांचे निधन झाले.

माशीचा अभ्यास करून माणसाला काय फायदा, असे कोणी विचारील. माशीच्या अंड्यातून डोके कुठे आणि शेपूट कुठे, हे ठरवणाऱ्या जनुकांच्या शोधाला १९९५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तशाच प्रकारची जनुके माणसाच्या गर्भातही काम करतात, हे त्यातून पुढे आले. शरीर कसे घडते हे कळले, की ते कुठे बिघडते हेही कळू लागते.

याचा ताजा दाखला ऐका. जन्मानंतर गॅमा माळ बंद करण्यात एका विशिष्ट जनुकाचा मोठा हात असतो, हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले. मग त्यांनी विचार केला, बीटा दुरुस्त करण्याऐवजी तो पहारेकरीच दूर केला तर? रोग्याच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून त्या जनुकाचा नेमका भाग कापायचा, पेशी परत अंगात सोडायच्या, आणि आईच्या पोटात वाहत होते ते रक्त पुन्हा वाहू लागते. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची जाहीर झालेली किंमत २२ लाख डॉलर! गरिबाच्या आवाक्यात ती यायची तेव्हा येईल. आपल्या आवाक्यातली गोष्ट आजही रक्ताची एक तपासणीच आहे.

उपचार स्वस्त करण्याचे काम मात्र कोणीतरी करायला हवे. ते चामटोलीच्या, अंबरनाथच्या, उल्हासनगरच्या मुलामुलींनी का करू नये? कुलाबा आपल्या लोकलच्या शेवटच्या स्थानकापासून जवळच आहे. अंतर काटण्यासाठी लागतात ती गणित आणि विज्ञानाची पुस्तके, आणि दहावीनंतर मुलीला घरी न बसवणारे आईबाप.

इल्म मिळवणे आपल्याकडे स्त्री-पुरुष दोघांचेही कर्तव्य मानले आहे. तेव्हा पालकहो, या वर्षी दोन गोष्टी करा. घरातील लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची ही तपासणी करून घ्या. आणि आजारी बाळाच्या आईला बोल लावणारे कोणी दिसले, तर त्याला चारात एक हा हिशेब समजावून सांगा. मास्तरांनी शिकवलेला एवढा एक धडा घरोघर पोहोचला, तरी या मेळाव्याचे सार्थक झाले असे मी मानीन.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.